ध्वनिफलक करावा की मॉनिटर विकत घ्यावा?

शाळेच्या सभागृहात किंवा ग्रंथालयाच्या श्रवणकक्षात व्याख्याने, भाषापाठ अथवा संगीत ऐकविण्याची सोय करावयाचे ठरले, म्हणजे चालकांपुढे आज दोन मार्ग उभे राहतात. एक मार्ग दुकानाचा आहे. ध्वनिमुद्रणगृहांत वापरले जाणारे 'स्टुडिओ मॉनिटर' या नावाचे ध्वनिक्षेपक विकत आणावयाचे. त्यांच्या जोडीस दहा-वीस हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत किंमत पडते. दुसरा मार्ग कार्यशाळेचा आहे. पॉलिस्टायरीनचा अथवा पातळ प्लायवूडचा एक सपाट तक्ता घ्यावयाचा, त्याच्या पाठीवर पेढ्याच्या आकाराचे एक विद्युत्-कंपक चिकटवावयाचे, आणि तो तक्ता दोऱ्यांनी टांगून त्यालाच बोलता करावयाचा. असे दोन फलक, लहानसा विवर्धक धरूनही, बहुधा दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास तयार होतात.

या दोन मार्गांच्या पुरस्कर्त्यांत चांगलाच वाद आहे. एक पक्ष म्हणतो की, टांगलेला तक्ता हे पोरखेळाचे साधन असून जबाबदार संस्थेने त्याच्या वाटेस जाऊ नये. दुसरा पक्ष म्हणतो की, चार पैशांच्या फलकापुढे लाखाचा मॉनिटरही फिका पडतो. दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. कोणते काम करावयाचे हे न ठरविता ते साधनांची तुलना करू पाहतात. सोनाराचा काटा श्रेष्ठ की वाण्याचा तराजू श्रेष्ठ, असे कोणी विचारीत नाही. कारण एकावर गुंजा तोलावयाच्या असतात व दुसऱ्यावर धान्य, हे सर्वांस ठाऊक असते. ध्वनीच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो. शाळा आणि ग्रंथालये यांना बहुतेक प्रसंगी वाण्याचा तराजू हवा असतो. आणि तो आपल्या हातांनी तयार करण्यात जे शिक्षण आहे ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शंकूचा ध्वनिक्षेपक

दोन्ही साधनांचे कार्य एकच आहे. विजेच्या प्रवाहातील चढउतारांचे हवेच्या कंपनांत रूपांतर करावयाचे. आज सर्वत्र दिसणारा शंकूच्या आकाराचा ध्वनिक्षेपक ज्या रचनेवर आधारलेला आहे, तिचे विवेचन अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली प्रसिद्ध केले. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे बसविलेले असते. त्यातून प्रवाह वाहू लागला की ते पुढेमागे सरकते व आपणास जोडलेला कागदाचा शंकू हालविते. शंकू पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे सर्वच्या सर्व एकदम पुढे जावा व एकदम मागे यावा, अशी या रचनेत अपेक्षा असते. त्याचा एखादा भाग पुढे व दुसरा मागे, अशी स्थिती उद्भवली तर तो दोष समजला जातो.

या दट्ट्यास एक मर्यादा आहे. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर धरला, तर सेकंदास १,९०० कंपनांच्या, म्हणजे १,९०० हर्ट्झ कंप्रतेच्या स्वराची तरंगलांबी सुमारे १८ सेंटिमीटर येते. १८ सेंटिमीटर व्यासाचा शंकू त्याहून उंच स्वर देऊ लागला की त्याचा आवाज विजेरीच्या झोताप्रमाणे समोर एकवटतो, आणि बाजूस बसलेल्या श्रोत्यास तो कमी पोहोचतो. यास्तव उंच स्वरांसाठी निराळा लहान पडदा योजावा लागतो, स्वरांची वाटणी करणारे मंडल घालावे लागते, आणि मागील बाजूचा ध्वनी पुढील ध्वनीस मारू नये म्हणून सर्व रचना भक्कम पेटीत बंद करावी लागते. मॉनिटरची किंमत मुख्यतः या काटेकोरपणाची किंमत असते.

मॉनिटर या शब्दाचा अर्थ

वर्गातील मॉनिटर म्हणजे काय, हे प्रत्येक विद्यार्थ्यास माहीत असते. शिक्षक नसताना वर्गावर लक्ष ठेवणे आणि गडबड करणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिणे, हे त्याचे काम. स्टुडिओतील मॉनिटरचे कामही तेच आहे. ध्वनिमुद्रणात कोठे श्वास ऐकू येतो, कोठे तंबोरा गायकाच्या आवाजावर चढतो, कोठे विजेची घरघर मिसळली आहे, हे सर्व दोष त्याने उघडे पाडावयाचे. श्रोत्याचे मन रिझविणे हे त्याचे कर्तव्यच नव्हे.

या संबंधात यामाहा कंपनीच्या 'एन.एस. १०' या ध्वनिक्षेपकाची कथा उद्बोधक आहे. १९७८ साली तो घरगुती श्रवणासाठी म्हणून बाजारात आला, आणि घरगुती ग्राहकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. त्याचा खर्ज अपुरा होता; मधले स्वर अंगावर येत; उंच स्वर इतके कर्कश वाटत की पुढे अनेक ध्वनिमुद्रक त्या लहान पडद्यावर पातळ कागद लावू लागले. असे असूनही पुढील दोन दशकांत पांढऱ्या शंकूचा हा ध्वनिक्षेपक जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत मांडलेला दिसू लागला. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी इंग्लंडमधील संशोधकांनी त्याची इतर अनेक मॉनिटरांशी तुलना केली, तेव्हा त्याचा एक गुण मोजमापात स्पष्ट दिसला. स्वर थांबताच हा ध्वनिक्षेपकही लौकर थांबत असे. मागे घोळ ठेवीत नसे. त्यात भर पडली ती सवयीची. एका गावचा ध्वनिमुद्रक दुसऱ्या गावी गेला तरी समोर तोच ध्वनिक्षेपक असे आणि त्याच्या खोडी त्यास पाठ असत.

या कथेवरून दोन निष्कर्ष निघतात. मॉनिटर म्हणजे सर्वांत गोड आवाजाचे यंत्र नव्हे. ते परिचयाचे झालेले मोजमापाचे साधन आहे. दुसरे असे की, ज्यास ध्वनिमुद्रणातील दोष निवडून काढावयाचे नाहीत, त्यास या साधनाच्या मोठ्या भागाचा उपयोगच नाही. चाळीस मुलांना इतिहासावरील व्याख्यान ऐकविण्यासाठी मॉनिटर घेणे हे वाण्याच्या दुकानात सोनाराचा काटा मांडण्यासारखे आहे.

कंप पावणारा तक्ता

सपाट फलकाची कल्पना शंकूच्या अगदी उलट आहे. शंकूत जो दोष, तोच येथे गुण मानला जातो. फलकाने दट्ट्यासारखे एकसंध हालावे अशी अपेक्षाच नसते. त्याच्या पाठीवरील कंपकाने निर्माण केलेल्या लाटा फलकात पसरतात, कडांवरून परततात, एकमेकींत मिसळतात, आणि कोणत्याही क्षणी फलकाचे काही भाग पुढे व काही मागे झुकलेले असतात. अशी शेकडो लहान-लहान क्षेत्रे मिळून हवेस हालवितात.

ही क्षेत्रे डोळ्यांना दाखविण्याची युक्ती जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाड्नी याने १७८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे वर्णन आहे. धातूच्या तबकडीवर बारीक वाळू पसरून तिच्या कडेवर त्याने व्हायोलिनचा गज ओढला. कंपन जेथे जोरात तेथून वाळू उडाली व जेथे तबकडी स्थिर तेथे ती साचली, आणि सुबक नक्षी उमटली. १८०९ साली पॅरिसमध्ये नेपोलियनसमोर हा प्रयोग झाला. त्याची गणिती उपपत्ती सांगणाऱ्यास फ्रेंच विद्वत्सभेने पारितोषिक जाहीर केले. सोफी जर्मां या विदुषीने तिसऱ्या प्रयत्नात १८१६ साली ते मिळविले.

भारतीय वाचकास हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी लाकडी तबली बसवितात, ती कंप पावणारा फलकच होय. तारेस स्वतःचा आवाज फार थोडा; तिची कंपने घोडीतून तबलीत उतरतात आणि तबली खोली भरून टाकते. तबल्याची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. साध्या ताणलेल्या कातड्याची निरनिराळी कंपने एकमेकांशी सुरेल प्रमाणात नसतात, म्हणून साध्या ढोलास निश्चित स्वर नसतो. मध्यभागी शाई चढवून भारतीय कारागिरांनी ती प्रमाणात आणली. या कौशल्याचे शास्त्रीय मर्म चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले. कंपने दडपून टाकण्यापेक्षा त्यांस वळण लावावे, ही जी दृष्टी शाईच्या मुळाशी आहे, तीच ध्वनिफलकाच्याही मुळाशी आहे.

पॉलिस्टायरीनच्या सपाट पडद्याचे ध्वनिक्षेपक यामाहा कंपनीनेच १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढले होते. पण त्या वेळी ते टिकले नाहीत. आजच्या फलकाची वाट ब्रिटिश संरक्षण खात्याच्या संशोधनातून निघाली. विमानांसाठी योजलेले मधमाशांच्या पोळ्यासारख्या गाभ्याचे, हलके पण ताठ तक्ते आवाज शोषण्याऐवजी उत्तम रीतीने बाहेर टाकतात, असे केन हेरन यांना दिसून आले. १९९० च्या दशकात त्यावर एकस्वे घेण्यात आली, आणि १९९६ पासून 'एन.एक्स.टी.' या नावाने ते तंत्र उद्योगात आले. हलकेपणा आणि ताठपणा एकत्र हवे, हे त्या संशोधनाचे सार आहे. थर्मोकोलच्या पेटीचे झाकण हातात घेऊन टिचकी मारली, तरी त्याची प्रचीती येते.

फलक करण्याची रीत

उष्णतारोधनासाठी छपराखाली घालतात तो पॉलिस्टायरीनचा दाट तक्ता, सुमारे २५ मिलिमीटर जाडीचा, यासाठी चांगला. तो न मिळाल्यास ३ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड किंवा पन्हळी पुठ्ठाही चालतो. फलक ६३ सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद कापावा. फलक चौरस ठेवू नये; दोन्ही बाजू सारख्या असल्या की दोन्ही दिशांची कंपने एकाच कंप्रतेवर येतात, तेवढे स्वर फुगतात व मधले रिते राहतात. तक्त्याच्या पृष्ठावर काचकागद हलक्या हाताने फिरवावा आणि सुताराच्या पांढऱ्या गोंदात पाणी मिसळून त्याचा पातळ हात द्यावा. वाळल्यावर पृष्ठ ताठ होते. उग्र वासाच्या द्रावकाचा गोंद मात्र वापरू नये, कारण त्यात पॉलिस्टायरीन विरघळते.

विद्युत्-कंपकास दुकानदार 'एक्सायटर' म्हणतात. त्यात वेटोळे व लोहचुंबक तेच असतात, पण शंकू नसतो. चिकटवू ती वस्तू हाच त्याचा शंकू. तो फलकाच्या मध्यावर लावू नये. अनेक कंपनांच्या स्थिर रेषा नेमक्या मध्यातून जातात. तेथे ढकलले तर ती कंपने उत्पन्नच होत नाहीत. लांबीच्या ३/७ आणि रुंदीच्या ४/९ अंतरावर, म्हणजे या फलकात एका कोपऱ्यापासून २७ व २० सेंटिमीटरांवर, तो चिकटविणे इष्ट. नंतर वरच्या कडेस दोन भोके पाडून फलक दोऱ्यांनी टांगावा, आणि मागची भिंत निदान अर्धा मीटर दूर ठेवावी. खालच्या स्वरांचा ताण कंपकावर येऊ नये म्हणून तारेच्या मार्गात एक धारित्र, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत कपॅसिटर, घालावे. ८ ओहमच्या कंपकास १०० हर्ट्झच्या खाली आवर घालण्यासाठी हिशेबाने सुमारे २०० मायक्रोफॅरड धारकता येते. ते ध्रुव नसलेल्या जातीचे असावे. विवर्धक कमी दाबाच्या विजेवर चालणारा घ्यावा, डाख शिक्षकांच्या देखरेखीखाली द्यावा, आणि पॉलिस्टायरीन पेट घेते हे ध्यानात ठेवून फलक दिवे व समया यांपासून दूर टांगावा.

या कामास हत्यारे फार लागत नाहीत. अटल नवोन्मेष अभियान २०१६ साली सुरू झाल्यापासून देशातील हजारो शाळांत ज्या टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, तेथे ती असतातच. शिवाय प्लायवूडचा फलक आडवा ठेवून त्यावर कोरडा रवा भुरभुरला आणि मोबाइलवरून एकेक स्वर सोडला, तर क्लाड्नीची नक्षी त्याच फलकावर पाहावयास मिळते. मॉनिटरवर हा प्रयोग करता येत नाही. त्याची पेटी उघडली तर हमी रद्द होते.

गुण व दोष

फलकाचे गुण थोडक्यात असे. त्याचा आवाज एका झोतात न जाता सर्वत्र पसरतो. त्यामुळे समोरच्या बाकावर बसलेल्या मुलास जे ऐकू येते, त्याच्या बरेच जवळचे कोपऱ्यातील मुलासही ऐकू येते. मोठ्या शंकूच्या अगदी जवळ बसल्यास कान बधिर होतात व दूर बसल्यास शब्द कळत नाहीत, हा अनुभव येथे कमी येतो. भाषणास तर तो उत्तम उपयोगी पडतो. व्यंजनांची ओळख पटविणारा ध्वनीचा भाग मुख्यतः काही शे ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. जुन्या दूरध्वनीतून केवळ ३०० ते ३,४०० हर्ट्झचा पट्टा जात असे. तरीही पलीकडचा माणूस कोण हे पहिल्या शब्दास कळे. कारण मूळ स्वर गाळला गेला तरी त्याच्या वरच्या स्वरांवरून मेंदू तो भरून काढतो.

आता दोष. पहिला दोष खर्जाचा. १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ३.४ मीटर असते. ६३ सेंटिमीटरांचा उघडा फलक तिला अडवू शकत नाही. पुढचा दाब कडेवरून मागे वळतो व मागच्या विरळपणात विरून जातो. तबल्याची शाई बोलते, पण डग्ग्याची घुमक हरवते. दुसरा दोष असमतेचा. खालच्या भागात फलकाची कंपने विरळ असल्यामुळे काही स्वर उसळतात व काही दबतात. दोन मुलांनी केलेले दोन फलक तंतोतंत सारखे निघत नाहीत. तिसरा दोष विलंबाचा. स्वर थांबल्यावरही फलक क्षणभर कंप पावत राहतो, आणि एन.एस. १० ज्या गुणामुळे नावाजला तोच गुण येथे उणा पडतो.

हे दोष लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. एखाद्या विद्यार्थ्याने फलकावर ऐकत ध्वनिमुद्रणाची जुळणी केली, तर डग्गा कमी पडतो असे वाटून तो खर्ज वाढवील, आणि तेच मुद्रण इतरत्र लावले की भांडे वाजल्यासारखे घुमेल. म्हणून जेथे ध्वनिमुद्रणाचा न्याय करावयाचा आहे, अशा संगीत महाविद्यालयात, नभोवाणी केंद्रात किंवा बोलकी पुस्तके तयार करणाऱ्या कक्षात, मॉनिटरच हवा. तेथे फलक लावून काटकसर करणे म्हणजे सोनाराने धान्याच्या तराजूवर सोने तोलणे होय.

आधी खोली

परंतु दोन्ही पक्ष ज्या गोष्टीकडे काणाडोळा करतात, ती गोष्ट खोली ही आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि मुलांना व्याख्यान समजत नसे. १८९५ साली वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकास त्यावर उपाय शोधण्यास सांगण्यात आले. रात्रीच्या शांत वेळी दुसऱ्या सभागृहातील बैठकांच्या गाद्या आणून तो त्या खोलीत एकेक करून मांडीत गेला व घुमण्याचा काळ मोजीत गेला. त्यातून जो नियम निघाला तो सोपा आहे. खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनाद लांबतो, आणि शोषक पृष्ठ जितके अधिक तितका तो आखूड होतो. मीटर हे एकक धरल्यास घनफळास ०.१६ ने गुणून शोषक क्षेत्रफळाने भागावे, म्हणजे निनादकाल सेकंदांत मिळतो.

समजा, वर्ग ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद व साडेतीन मीटर उंच आहे. घनफळ १४७ घनमीटर झाले. गुळगुळीत गिलावा, फरशी व रिकामी बाके मिळून शोषण केवळ १२ चौरस मीटरांएवढे असेल, तर निनादकाल जवळजवळ दोन सेकंद येतो. एक शब्द पुढच्या पाच शब्दांवर सांडतो. जाड पडदे, भिंतीवरील मऊ सूचनाफलक, सतरंज्या यांच्या साह्याने आणखी २० चौरस मीटरांएवढे शोषण मिळविले, तर तोच काल पाऊण सेकंदाच्या आत येतो. पहिल्या वर्गात लाखाचा मॉनिटर ठेवला तरी शेवटच्या बाकावर शब्द पोहोचणार नाही. दुसऱ्या वर्गात साधा फलकही पोहोचवील. म्हणून ज्या संस्थेजवळ थोडे पैसे आहेत, तिने ते आधी पडद्यांवर व सतरंज्यांवर खर्च करावे, हे उघड आहे.

पडद्याआडची परीक्षा

लाखाच्या यंत्रास फलकाने हरविले, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा सांगणारा बहुधा खोटे बोलत नसतो. पण त्याची परीक्षा शास्त्रशुद्ध नसते. आपण केलेल्या वस्तूविषयी ममत्व असते. महाग वस्तूविषयी आदर असतो. शिवाय दोहोंपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तो अधिक चांगला वाटतो. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत श्रोत्यांनी तेच ध्वनिक्षेपक एकदा डोळ्यांसमोर व एकदा पडद्याआड ऐकले. आणि डोळ्यांना दिसत असताना दिलेले गुण पडद्याआडच्या गुणांपेक्षा निराळे निघाले. आकार, रूप आणि नाव यांनी कानावर मात केली होती.

ही परीक्षा कोणत्याही शाळेस घेता येते. पातळ सुती कापडाचा पडदा बांधावा. त्यामागे फलक आणि एखादा विकतचा ध्वनिक्षेपक ठेवावा. दोहोंचा जोर मोबाइलवरील ध्वनिमापकाने सारखा करून घ्यावा. मग एक बातमीपत्र, एक ख्याल व एक लावणी ऐकवून विद्यार्थ्यांना चिठ्ठीवर गुण लिहावयास सांगावे, आणि क्रम बदलून तोच प्रयोग पुन्हा करावा. बातमीपत्रात फलक बरोबरीस येईल आणि लावणीत ढोलकीचा खर्ज बाजूस तो मागे पडेल, असा अंदाज वरील विवेचनावरून बांधता येतो. अंदाज चुकला, तर का चुकला हे शोधणे हाच पुढचा पाठ. ज्या मुलाने असा एक प्रयोग केला, तो पुढे औषध घेताना, बियाणे निवडताना किंवा जाहिरात वाचताना पडदा बांधून पाहावयास शिकेल.

निर्णय

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. हातांनी केलेली साधने टिकत नाहीत, ती करण्यात शिक्षकांचा वेळ जातो, आणि एक-दोन वर्षांत ती अडगळीच्या खोलीत जातात, असे अनुभवी मुख्याध्यापक म्हणतात. यात तथ्य आहे. पॉलिस्टायरीनला कोपऱ्यावर धक्का बसला की तुकडा उडतो. पावसाळ्यात पुठ्ठा लवतो. कंपकाची चिकटपट्टी सुटते. परंतु विकतचा ध्वनिक्षेपक बिघडला तरी तोही त्याच खोलीत जातो, आणि त्याची दुरुस्ती शाळेत कोणास येत नसल्यामुळे तेथेच राहतो. फलक बिघडला तर तो करणारी मुले तो पुन्हा करू शकतात. टिकाऊपणा वस्तूत असतो तसा तो ज्ञानातही असतो, आणि शाळेने दुसऱ्या प्रकारच्या टिकाऊपणाची चिंता अधिक करावयास हवी.

तेव्हा क्रम असा असावा. प्रथम खोलीत टाळी वाजवून निनाद ऐकावा आणि तो आवरावा. नंतर फलकाची जोडी तयार करून भाषणे, पाठ व साधे संगीत यांसाठी वर्षभर वापरावी. त्या वर्षात काय उणे पडते, याची नोंद वहीत ठेवावी. ती वही पाहून जर असे दिसले की संस्थेस खरोखरच ध्वनिमुद्रणाचे काम करावयाचे आहे, तर मॉनिटर अवश्य विकत घ्यावा. आणि घेणाऱ्यास तोवर खर्ज, असमता व निनाद हे शब्द अनुभवाने कळू लागलेले असल्यामुळे विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.

सार्वजनिक संस्थेचा पैसा हा अनेकांच्या श्रमाचा पैसा असतो. तो महाग वस्तूवर खर्च होणे वाईट नव्हे. तो न कळलेल्या वस्तूवर खर्च होणे वाईट. आपल्या देशात आवाज ऐकविणारी यंत्रे आता भरपूर आहेत. तक्ता का बोलतो, हे सांगू शकणारी मुले मात्र अजून थोडी आहेत, आणि त्यांची संख्या वाढविण्यास एक तक्ता, एक कंपक आणि एक मोकळी दुपार एवढे सामान पुरते.